ठमाबाईंचा अन्नत्याग आणि माझी प्रतिष्ठा

रविवार, दि. २

मी व्यवसायाने दंतशिल्पी आहे. शेजारीपाजारी 'कवळीवाले' म्हणतात. परंतु लोकांच्या शब्दसंपदेचे दारिद्र्य हा माझा अपराध नव्हे. गेली एकतीस वर्षे एका दंतवैद्यांच्या दवाखान्यामागील खोलीत बसून मी असंख्य बोळक्या तोंडांना पुनर्वैभव प्राप्त करून दिले. अशा माणसाच्या साक्षात नातीला दात येऊ लागावेत आणि तिने चार दिवस अन्नाला शिवू नये, हा नियतीचा विनोद असेल तर तो हीन अभिरुचीचा आहे.

नातीचे वय आठ महिने. जन्मदाखल्यावर तिचे नाव भारदस्त आहे. घरात ती ठमी, आणि माझ्यापुरती ठमाबाई. खालची हिरडी मधोमध सुजून लालबुंद झाली आहे. बाई दुलईचे टोक चावतात, आईच्या पर्सचा पट्टा चावतात, माझ्या घड्याळाचाही पट्टा चावून झाला. चमचा दिसला की मात्र ओठ गच्च. दातखिळी बसण्यासाठी आधी दात असावे लागतात, हा माझा व्यावसायिक समज त्यांनी आज खोटा ठरवला.

उकडलेल्या गाजराचा लगदा मी सात वेळा पुढे केला. पाच वेळा तो माझ्या सदऱ्यावर आला, एकदा भिंतीवर, एकदा चष्म्यावर.

"तुम्ही घास भरवताय की माप घेताय?" सौभाग्यवतींनी विचारले. त्या शाळेत गणित शिकवतात आणि घरी माझ्या चुका काढतात.

परिस्थिती गंभीर आहे. जावई जहाजावर, त्यामुळे कन्या बाळासह आमच्याकडे. सतरा तारखेला ती कामावर रुजू होणार. दिवसभर ठमाबाईंना कोणी सांभाळायचे, हा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नव्हता. दंतवैद्यांची अनुज्ञा घेऊन मी कामाचे टेबल घरच्या मागील खोलीत आणले. शेजारी गादी अंथरली, खिडकीला पडदा लावला. एका बाजूला कवळ्या, दुसऱ्या बाजूला नात. आयुष्यात याहून अधिक मी काही मागितलेले नाही.

परंतु एक प्रतिस्पर्धी आहे.

सोमवार, दि. ३

प्रतिस्पर्धी म्हणजे व्याहीबुवा, जावयाचे वडील. विधुर आहेत, पलीकडच्या इमारतीत एकटे राहतात. तीस वर्षे संग्रहालयात पहारेकरी होते. म्हणजे स्टुलावर बसून 'हात लावू नका' एवढे एकच वाक्य उच्चारण्याचे वेतन घेत होते. कागदी पिशवीत एक केळे घेऊन सकाळी अवतरले.

"जेवत नाही म्हणे ठमी?"

"विशेषज्ञाचे प्रयत्न चालू आहेत," मी म्हणालो.

"बघू का मी जरा? फक्त दार लावून घेतो. कुणी बघत असलं की तिचं लक्ष उडतं."

ते ठमाबाईंना आणि केळ्याला घेऊन स्वयंपाकघरात गेले. दार बंद. वीस मिनिटे. बाहेर आले तेव्हा केळ्याचे केवळ साल उरले होते आणि ठमाबाईंच्या हनुवटीवर तृप्तीचा लेप होता.

कन्येच्या डोळ्यांत पाणी आले. "सगळं खाल्लं?"

"अर्धं तिने, अर्धं मी," व्याहीबुवा म्हणाले.

मी अभिनंदन केले. शब्द योग्य होते. स्वर कसा निघाला ते सांगता येत नाही. सौभाग्यवती मला म्हणाल्या, "अहो, निदान त्यांचा हात तरी सोडा. किती दाबताय!"

मंगळवार, दि. ४

बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. ठमाबाईंचे वजन दीडशे ग्रॅमनी उतरले आहे.

"दात येताना खाणं थोडं कमी होतंच," बाई म्हणाल्या. "दूध चालू ठेवा. गार, मऊ काहीतरी द्या, आणि बळजबरी अजिबात नको. पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत आणा. वजन वाढलं नाही तर तपासण्या करू."

मी हिरड्यांच्या रचनेविषयी थोडे मार्गदर्शन करू पाहिले. बाईंनी पुढच्या बाळाला आत बोलावले.

परतताना रिक्षात कन्या म्हणाली, "बाबा, ठरलं. जिच्या नाहीतर ज्याच्या हातून ती जेवेल, त्यांच्याकडे ती राहील. माझ्या डोक्याला आणखी ताप नको."

निकष न्याय्य आहे. म्हणूनच मला तो मान्य नाही.

बुधवार, दि. ५

आज जे घडले ते नि:पक्षपातीपणे नोंदवतो.

हिरडीला नेमका आधार मिळाला की वेदना शमतात, हे एकतीस वर्षांच्या अनुभवाचे सार. बाजारातली चावण्याची खेळणी सर्व बाळांसाठी सारखीच. ठमाबाईंची हिरडी मात्र जगात एकच. तेव्हा तिचा ठसा घ्यावा, त्यावरून तंतोतंत बसणारे चावणे घडवावे, आणि ते चावून प्रसन्न झालेल्या बाई माझ्या हातून भोजन करतील, अशी योजना. मेणाची पट्टी कोमट पाण्यात मऊ केली. मनगटावर तापमान तपासले. बाई जांभई देत असताना पट्टी अलगद आत सरकवून एक क्षण, केवळ एकच क्षण, दाबली.

जी किंकाळी उठली तिचे वर्णन करणार नाही. खालच्या मजल्यावरचा शिंपी कैची हातात घेऊन वर आला.

"बाबा!" कन्या ओरडली. "ती माणूस आहे, गिऱ्हाईक नाही!"

ठसा उत्कृष्ट आला आहे. खणात जपून ठेवला. मला भरवण्यास दोन दिवसांची बंदी झाली आहे.

गुरुवार, दि. ६

बंदी. व्याहीबुवा आले. दार बंद. एक वाटी सफरचंद.

मी दिवसभर एका निवृत्त न्यायाधीशांचा जबडा घासत बसलो.

शुक्रवार, दि. ७

व्याहीबुवांविषयी माझ्या मनात आकस नाही, हे स्वतःला पटवण्यासाठी त्यांच्या सद्गुणांची यादी करावयास बसलो. पहिला सद्गुण: त्यांचे दात. ते मीच घडवले.

लग्न ठरले तेव्हा गृहस्थांच्या तोंडात एकही दात नव्हता. 'आता या वयात कशाला,' असे म्हणत होते. मुलीकडच्यांची भेट म्हणून मी वरची-खालची संपूर्ण जोडी लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाती दिली. छायाचित्रांत वधूवरांपेक्षा तेच अधिक झळकतात. ती कवळी म्हणजे माझ्या कारागिरीचे शिखर. दोन वर्षांत एक तक्रार नाही.

दुसरा सद्गुण सुचला नाही. अवगुण मात्र तत्काळ आठवला: हा मनुष्य आमच्याकडे कधीही जेवत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. आजही सौभाग्यवतींनी आग्रह केला.

"बसा हो, दोन घास खा."

"नको वहिनी, मी घरी जाऊन खातो. सवय झालीय."

यास शुद्ध मराठीत शिष्टपणा म्हणतात. आमच्या नातीला भरवायचे, आणि आमच्या ताटाला मात्र नकार!

शनिवार, दि. ८

बंदी उठली. धुतलेला सदरा, अंगावर अत्तर. ठमाबाईंना मांडीवर घेतले. त्यांनी माझ्या बोटांजवळ नाक आणले, शिंकल्या आणि रडू लागल्या.

"हाताला तुमच्या त्या औषधाचा वास येतोय," सौभाग्यवती म्हणाल्या.

कवळीचे द्रावण गेली एकतीस वर्षे माझ्या हातांवर आहे. मला कधी वास आला नाही. अत्तराचे प्रमाण वाढवले. परिणाम शून्य.

सकाळच्या नाट्यानंतर व्याहीबुवा आले आणि मागच्या खोलीत डोकावले. माझे टेबल, द्रावणाच्या बाटल्या, शेजारची गादी असे सारे त्यांनी शांतपणे न्याहाळले.

"टेबल छान आहे," म्हणाले. "पण खरं सांगू, दवाखान्यातच शोभायचं. येणारे-जाणारे बघायचे."

प्रथमच त्यांच्या तोंडून माझ्या कलेची जाण असलेले वाक्य निघाले. प्रतिस्पर्ध्याकडून आलेली स्तुती पचायला जड असते, तरी पचवली.

रविवार, दि. ९

आज मी हेरगिरी केली. लिहिताना संकोच वाटतो, करताना वाटला नाही.

स्वयंपाकघराची एक खिडकी कपडे वाळत घालण्याच्या सज्जात उघडते. व्याहीबुवांनी दार लावताच मी बादली घेऊन सज्जात गेलो.

"अहो, बादली रिकामी आहे," सौभाग्यवती मागून म्हणाल्या.

"भरण्याचा विचार चालू आहे."

काचेतून आत पाहिले. व्याहीबुवा जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, पाय पसरून. ठमाबाई समोर उशीवर, त्यांच्याहून वीतभर उंच. मध्ये केळे कुस्करलेली वाटी, लाकडी चमचा. शेजारी पाण्याने भरलेले भांडे, आणि त्या भांड्यात माझे शिखर! वरचे आणि खालचे, दोन्ही, पाण्याखाली हसत होते.

व्याहीबुवांचे गाल आत गेले होते. त्यांनी एक घास स्वतःच्या तोंडात घातला आणि नुसत्या हिरड्यांनी तो घोळवू लागले. हळूहळू, डोळे मिटून. ठमाबाई टक लावून पाहत होत्या. त्यांचीही हनुवटी तशीच हलू लागली. मग त्यांनी आपण होऊन तोंड उघडले. चमचा पुढे करावाच लागला नाही. त्या चमच्याकडे आल्या.

दोन बोळकी तोंडे, समोरासमोर, एकाच लयीत. मध्येच व्याहीबुवांनी खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला गालावरून बोट दाबले आणि कळवळल्यासारखा चेहरा केला. ठमाबाईंनी हात पुढे करून नेमके तिथेच थोपटले.

मी आत गेलो. दार ढकलले तेव्हा गृहस्थांनी तोंडावर हात घेतला. जणू मी न्हाणीघरात शिरलो होतो.

मी भांड्यातली खालची कवळी उचलली. वस्तू हातात आली की मला तिचे सारे कळते. डावी कड तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढी लांब राहिली होती. लग्नाच्या धांदलीत, मंडपवाला दारात उभा असताना, मी ती शेवटची घासलीच नव्हती. आठवले.

"किती दिवस टोचतेय?"

त्यांनी तोंडावरचा हात काढला. दातांविना शब्द मऊ येत होते. "असेल. सुरुवातीपासून."

"दोन वर्षं? अहो, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मुलीच्या बापाने हौसेने दिलेली भेट. तुम्ही सगळ्यांना कौतुकाने दाखवत होता." ठमीच्या हनुवटीवरचे केळे त्यांनी बोटाने पुसले. "बोलायला, हसायला छान आहे हो. नुसतं चावता येत नाही. मग घरी काढून ठेवतो आणि खातो."

"म्हणून आमच्याकडे जेवत नाही?"

"चारचौघांत कसे काढणार दात?"

मी कवळी पुन्हा पाण्यात ठेवली. ठमाबाई माझ्याकडे पाहून रडल्या नाहीत. वाटी रिकामी झाली होती, त्या अर्थी समाधानात असाव्यात.

सोमवार, दि. १०

काल संध्याकाळी जे मनात आले ते इथे लिहिले नाही तर ही वही बाळगण्यात अर्थ नाही.

पहिला विचार पश्चात्तापाचा नव्हता. पहिला विचार असा: ही कड मी घासून दिली की हे दात घालून भरवतील. दात घातलेला मनुष्य ठमाबाईंना आपल्यातला वाटणार नाही. म्हणजे कवळी दुरुस्त करणे हेच माझ्या विजयाचे साधन. आणि दुरुस्त न करणे म्हणजे एका सज्जनाला आयुष्यभर टोचत ठेवणे. पुण्य आणि स्वार्थ एकाच दिशेला उभे राहिले की पुण्याचा संशय येतो. खणातला ठमाबाईंच्या हिरडीचा ठसा काढून पाहिला. मधोमध एक इवलासा उंचवटा. त्यावर माझा अंगठा दाबल्याची खूण.

आज त्यांना दवाखान्यात, दंतवैद्यांच्या खुर्चीवर बोलावले. वीस मिनिटांचे काम. घासले, घातले, पाहिले, पुन्हा घासले. मग खिशातून एक कडक पेअर काढून पुढे केले.

"चावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पेअरकडे. कचकन आवाज आला. चावत राहिले. रस हनुवटीवरून ओघळला तरी थांबेनात.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "क्षमा करा."

"छे हो," तोंड भरलेले असताना ते म्हणाले. "आता वहिनींना सांगा, आज मी जेवायला येतोय."

आले. तीनदा वाढून घेतले. सौभाग्यवती त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहत होत्या की पंचवीस वर्षांच्या संसारात ती नजर माझ्या वाट्याला कधी आली नाही.

मंगळवार, दि. ११

माझा विजय झालेला नाही. व्याहीबुवांनी भरवताना दात काढून भांड्यात ठेवले. "तिच्यासाठी," म्हणाले. आता दुखत नसतानाही!

मात्र दार उघडे ठेवले आणि मला आत बोलावले. पाठ असा: खाली बसायचे, तिच्याहून खाली. आधी आपण खायचे, घाई न करता. लाकडी चमचा, थंड केलेला. स्टीलचा मुळीच नाही, कारण सुजलेल्या हिरडीला तो खुपतो. स्टीलचे सारे चमचे त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिले.

"आणि आधी हात लिंबाने चोळून गार पाण्याने धुऊन या," ते म्हणाले. "गार हात हिरडीला बरे वाटतात."

शास्त्रीय आहे. गारव्याचे महत्त्व मी स्वतःच प्रतिपादणार होतो. पाच मिनिटे धुतले. माझ्यापाशी काढून ठेवण्याजोगे दात नसल्याने ओठ आत मुडपून बसलो.

"आजोबा नंबर दोन, वाकडं तोंड करू नका," कन्या दारातून म्हणाली.

नंबर दोन!

ठमाबाईंनी माझी बोटे हुंगली. शिंकल्या नाहीत. तीन घास खाल्ले. व्याहीबुवांच्या हातून अकरा. मी मोजले.

गुरुवार, दि. १३

वजन नव्वद ग्रॅमनी वाढले. तपासण्या नकोत. डॉक्टरबाईंनी विचारले, "काय केलंत?"

मी आणि व्याहीबुवा एकाच वेळी बोलू लागलो. मग त्यांनी मला बोलू दिले. मला ते आवडले नाही. बोललो मात्र सविस्तर.

घरी येऊन कामाचे टेबल दवाखान्यात परत नेले. कला लोकांना दिसली पाहिजे. मागची खोली एकदम मोठी वाटू लागली. सौभाग्यवतींनी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि दीर्घ श्वास घेतला. त्यांना माझ्या निर्णयाचे एवढे दु:ख होईल असे वाटले नव्हते.

शनिवार, दि. १५

कन्येने निकाल दिला. सकाळी मी दवाखान्यात, तेव्हा व्याहीबुवा आमच्याकडे येऊन ठमाबाईंना सांभाळतील; दुपारपासून मी. जेवण सर्वांनी मिळून, इथेच. म्हणजे दिवसाचा आरंभ त्यांचा आणि ठमाबाई झोपेला आलेल्या, चिडचिड्या, तो भाग माझा. मी मान्य केले. मत्सर आहे, पण आता त्याला वेळापत्रक आहे.

आज घडलेली दुसरी गोष्ट केवळ या वहीसाठी.

सकाळी नऊला व्याहीबुवा आले. स्वयंपाकघरात वाटी तयार करून मला हाक मारली. "आज पहिला घास तुम्ही भरवा. मी जरा वर्तमानपत्र बघतो."

हात धुतले. जमिनीवर बसलो, ओठ मुडपले. वाटीशेजारचा चमचा उचलला, ठमाबाईंनी तोंड उघडले, मी चमचा खालच्या हिरडीवर टेकवला, आणि आवाज आला.

टक्.

मी पुन्हा टेकवला. टक्.

बोट धुऊन फिरवले. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी, धारदार, करकरीत कड. एकतीस वर्षांत हजारो दात घडवले; असा एकही जमला नाही. वेळ: नऊ वाजून बारा मिनिटे. ठमाबाईंनी माझे बोट चावले. दुखले. अत्यानंद झाला.

ओरडण्यासाठी तोंड उघडले होते. कन्या आत होती, सौभाग्यवती आत होत्या. प्रथम शोधाचा मान, तोही दंतशिल्प्याला! दारातून व्याहीबुवा दिसत होते. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते आणि जिभेने गालात डावीकडे चाचपत होते. दोन वर्षांची सवय, दुखणे गेले तरी जात नाही.

मी तोंड मिटले.

"व्याहीबुवा, मला दवाखान्यात जायचंय. पुढचे घास तुम्ही भरवा. जरा खालच्या बाजूने."

ते आले, बसले. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी अशी आरोळी ठोकली की खालचा शिंपी कैचीसकट पुन्हा वर आला.

"दात! अगं ठमीला दात आला! या, या, सगळे या!"

कन्येने त्यांना मिठी मारली. सौभाग्यवतींनी साखरेचा डबा काढून सर्वांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. कन्या म्हणाली, "बघा बाबा, शेवटी दात कुणाला सापडला!" मी खेदाने मान हलवली. अभिनय चांगला वठला असावा. व्याहीबुवा गर्दीतून माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग संपूर्ण जोडी दाखवून हसले.

शोध माझा आहे. आठ मिनिटांच्या फरकाने, आणि केवळ या पानावर, तो माझाच राहील.

एक गोष्ट मात्र लिहिताना ध्यानात आली. वाटीशेजारी मांडलेला चमचा स्टीलचा होता. ज्यांनी घरातले सारे स्टीलचे चमचे स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवले, त्यांनीच आज त्यातला एक काढून माझ्यासाठी मांडावा! विसरले असणार. वयोमानाने होते असे. मी त्यांना काही बोललो नाही. माणसाच्या उणिवा त्याच्या तोंडावर दाखवू नयेत, एवढे मी या पंधरवड्यात त्यांच्याकडून शिकलो आहे.